दाजींची मलकापूर मुक्काम गाडी

अक्काचा फोन आला तेव्हा सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. एस.टी.त उभी हयात गेलेल्या माणसाला ही खोडच लागते. घरात कुणी जन्मो की जावो, नजर आधी घड्याळाकडं जाते. "संपत, ये. हे उठंनात," एवढंच ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा खणखणीत होता, पण फोन बंद करायचं ती विसरली आणि मला पलीकडून तिच्या बांगड्यांचा आवाज येत राहिला... पायात चपला अडकवून मी शिवाजी पेठेतल्या दोन गल्ल्या ओलांडल्या आणि तिचा जिना चढलो. वर दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान शामराव, कॉटवर कुशीला वळून झोपले होते. कपाळावर एक आठी नव्हती. आदल्या दिवशी रविवार होता. त्याच खोलीत आम्ही सगळे तांबडा-पांढरा ओरपून, दाजींनी वाढलेलं लिंबू पिळून, हसून हसून उठलो होतो. दाजी लिंबू कसं वाढायचे ते पुढं सांगतो, कारण या लेखात सांगण्यासारखं खरं तेवढंच आहे.

बातमी फिरली तशी गल्ली जमली. दाजींना खाली ठेवायला जागा करायला हवी होती आणि खोलीच्या मधोमध त्यांचं जेवणाचं टेबल होतं. प्लायवूडचं, आठ माणसं बसतील एवढं लांबरुंद, त्यांनी स्वतः बांधलेलं. त्याच्यावर ताटांच्या आतल्या बाजूनं लहान रुळांची एक लांबट गोल वाट, त्या रुळांवर दोन इवलीशी स्टेशनं, आणि एका स्टेशनात उभं असलेलं वीतभर लांबीचं काळं इंजिन, त्याच्या मागं पाच डबे. खालच्या मजल्यावरचा दुकानदार भला माणूस. मोकळं करावं म्हणून त्यानं इंजिनाकडं हात नेला. अक्का भिंतीला टेकून बसली होती, तिथूनच म्हणाली, "टेबल उचला. पण गाडीला हात लावू नका. गाडी मुक्कामाला हाय." नवख्यांना वाटलं, बाईचा तोल सुटला. मला मात्र कळलं. मग चौघांनी ते टेबल चार कोपऱ्यांना धरून, पालखी न्यावी तसं अलगद उचललं आणि गॅलरीत नेऊन ठेवलं. मलकापूर स्टेशनात उभी असलेली गाडी रुळावरून जरासुद्धा घसरली नाही.

मलकापूर म्हणजे आमचं रत्नागिरी रस्त्यावरचं मलकापूर, जिथं आजतागायत रेल्वे नाही. दाजी तिथले. लहानपणी एकदा वडिलांबरोबर कोल्हापूरला आले, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा रेल्वे बघितली. आमच्या कोल्हापुरात रूळ संपतात. गाडी येते आणि आली त्याच वाटेनं परत जाते. त्या पोरानं रूळ संपतात तिथं उभं राहून वडिलांना विचारलं, की ही गाडी फुडं आपल्याकडं कधी येणार. वडील म्हणाले, "येणार की." दाजी ही गोष्ट इतक्या वेळा सांगायचे, की शेवटचं 'येणार की' आम्ही सगळे मिळून म्हणायचो. मी कोडोलीचा. आमच्याकडंही रेल्वे नाही. पण मी आधी कंडक्टर आणि नंतर स्टँडवर कंट्रोलर, त्यामुळं रेल्वे न आल्यानंच माझं पोट भरलं. दाजी मला चिडवायचे, "पावणं, तुमच्या लाल डब्यानं आमची रेल्वे अडवली." मी म्हणायचो, तुमच्या रेल्वेची वाट बघत बसला असता तर अक्काला बघायला कोडोलीला कशातनं आला असता?

ते उद्यमनगरातल्या एका कारखान्यात टूलरूमला होते. केसाच्या दहाव्या हिश्श्याचा फरक बोटाला समजणारा माणूस. कारखान्यानं बाहेरून एक नवं मशीन घेतलं आणि ते शिकून यायला दाजींना दोन महिने जर्मनीला पाठवलं. अक्कानं बरोबर कांदा-लसूण चटणीचे दोन डबे दिले होते. पावाला ती चटणी लावून दाजींनी दोन महिने काढले आणि येताना एक इंजिन घेऊन आले. काळं कुळकुळीत, तांबड्या चाकांचं, आतल्या प्रत्येक दांडीसकट हुबेहूब. त्याच्याबरोबर रूळ आणि विजेची डबीसुद्धा. दुकानदार म्हाताऱ्यानं म्हणे त्यांना खुणेनं बजावलं होतं, की पेटी जपा. मूळच्या पेटीत, कोरं राहिलं तरच या वस्तूला मान. दाजींनी ते गुरुमंत्रासारखं घेतलं. पुढं कारखान्यातलं कुणीही परदेशी निघालं की दाजी त्याच्या घरी हजर. कुणी डबा आणला, कुणी सिग्नल, कुणी दुसरं इंजिन. वीस-बावीस पेट्या झाल्या. सगळ्या लोखंडी कपाटात, कापडात गुंडाळून, डांबराच्या गोळ्यांसकट. आणि एकही गाडी एकदाही रुळावर आली नाही.

खंडेनवमीला मात्र त्या बाहेर यायच्या. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारं पुजतात. ज्याच्या हाताला जे काम, त्याचं ते हत्यार. माझं तिकिटाचं पंच मशीन पुजलं जायचं. अक्का शिवणकाम करायची, तिच्या पायमशीनला तेलपाणी होऊन झेंडूची माळ पडायची. दाजी आपली मोजमापाची हत्यारं मांडायचे आणि शेजारी त्या पेट्या. पण पेटीला कुंकू लावायचं नाही हं! डाग पडेल. कुंकू समोरच्या विड्याच्या पानाला. अक्का म्हणायची, "आत देव हाय का कैदी हाय?" दाजी हसायचे आणि पेट्या परत कपाटात जायच्या. एका वर्षी त्यांची मुलगी वैशाली, सहा-सात वर्षांची असेल, हट्टाला पेटली. दाजींनी इंजिन पेटीतून अर्धं वर काढून दाखवलं. "बघायचं. हात लावायचा न्हाय." पोरीनं डोळे भरून बघितलं आणि विचारलं, "बाबा, ही गाडी कुठं जाते?" दाजींनी इंजिन परत आत सरकवलं आणि झाकण लावलं. मी तिथंच बसलो होतो. आठवणीनं सांगतो, त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता. कारखान्यात हाच माणूस पोरांना ओरडून सांगायचा, "मशीन रोज फिरवा. बंद ठेवलं की बसतंय." आणि घरी येऊन कपाटाला कुलूप.

मग महापूर आला. तेव्हा त्यांचं घर नदीच्या अंगाला, सखल गल्लीत होतं. पाणी दारात येतंय म्हणेस्तोवर उंबऱ्यात आलं. घरात दोघंच. वैशालीचं लग्न होऊन ती पुण्याला. पोटमाळ्याला लावायला एक शिडी, आणि हातात असतील-नसतील तेवढी मिनिटं. दाजींनी काय केलं असेल? पेट्या वर चढवल्या. एकेक करून, कापडासकट, बावीसच्या बावीस. तोवर पाणी गुडघ्याला लागलं आणि अक्काचं पायमशीन जागच्या जागी बुडालं. त्या मशीनवर तिनं वैशालीची फी भरली होती, सगळ्या गल्लीचे ब्लाउज शिवले होते, माझ्या लग्नातला माझा शर्टसुद्धा. दोघं माझ्याकडं राहायला आली. मी भिजलेली पिशवी तिच्या हातातून घेतली तेव्हा ती मला म्हणाली, "यांनी आधी पेट्या चढवल्या." आवाज चढवला नाही. त्यानंतर महिनाभर ती दाजींशी एक शब्द बोलली नाही. जेवण वाढायची, औषध द्यायची, पण बोलणं बंद. माझ्या बायकोमार्फत निरोप चालायचे. "त्यांना सांग, चहा झाला." आणि ते तीन हातांवर बसलेले.

दाजींनी स्वतःची बाजू कुणापाशी मांडली नाही. पाणी उतरल्यावर ते चिखलातून अक्काचं मशीन बाहेर काढून माझ्या अंगणात घेऊन आले. आठवडाभर त्याचा एकेक स्क्रू रॉकेलमध्ये धुतला, वाळवला, तेल दिलं, जोडलं. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की त्यांचे हात थरथरतात. कंपवाताची ती सुरुवात होती, नाव नंतर कळलं. स्क्रू खाली पडायचा, ते परत उचलायचे. आठव्या दिवशी अक्कानं पायडल दाबलं आणि मशीन धावलं. पाच दिवस पुराच्या पाण्यात राहिलेलं मशीन, जणू काही झालंच नाही अशा थाटात. अक्कानं एका चिंधीवर सरळ टीप मारली, दोरा तोडला, चिंधी दाजींच्या पुढ्यात ठेवली आणि आत गेली. बोलली तरीही नाही.

पुढं घरातला गाळ उपसून झाल्यावर आम्ही पोटमाळ्यावरच्या पेट्या आणायला गेलो. वर पाणी चढलं नव्हतंच, पण नेमकं त्या कोपऱ्यावरचं कौल फुटलं होतं. इतके दिवस पाऊस थेंब थेंब गळत राहिला होता. पुठ्ठे फुगून लगदा झालेला, झाकणांवरची चित्रं एकमेकांना चिकटलेली, सगळ्यावर हिरवी-काळी बुरशी. आतल्या थर्माकोलच्या खाचेत इंजिनं-डबे मात्र शाबूत होते. दाजी अंगणात बसले आणि त्या जर्मन पेटीचं झाकण मांडीवर घेऊन त्याचे पापुद्रे सरळ करायला लागले. एक सरळ केला की दुसरा फाटायचा. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. अक्का दारात उभी राहून बघत होती. ती पायऱ्या उतरून आली, त्यांच्या मांडीवरचा तो लगदा तिनं उचलला, बाजूला ठेवला आणि महिन्याभरानं पहिल्यांदा नवऱ्याशी बोलली. "पेटी गेली. गाडी हाय की. आता तरी चालवा."

त्यांनी माझ्या ओसरीवर रूळ जोडले. विजेची डबी लावली, ती घुमायला लागली. इंजिन रुळावर ठेवलं, बटण फिरवलं. काही नाही. पुढं ढकलून बघितलं, चाकं फिरेनात. दुसरं इंजिन आणलं, तेही तसंच. दाजींनी ते कानाशी धरलं, उलटं केलं, आणि मग माझ्याकडं बघून अगदी शांतपणे म्हणाले, "बसलंय." आतलं तेल इतक्या वर्षांत आटून काकवीसारखं झालं होतं आणि त्यात दातेरी चाकं रुतून बसली होती. जे वाक्य त्यांनी जन्मभर दुसऱ्याला ऐकवलं, ते आज त्यांच्याच पुढ्यात येऊन बसलं होतं. बुडालेलं मशीन चालू झालं, कारण ते रोज चालत होतं. जपून ठेवलेलं कोरडं राहूनही जाम झालं. हे मी आत्ता लिहितोय, पण त्या दिवशी ते आम्हा तिघांनाही दिसत होतं.

इंजिनाचा तळ खोलायचा, आत साचलेलं चिकट काढायचं, तर हात स्थिर पाहिजे. दाजींनी तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा पेचकस घसरून रंगावर ओरखडा उठला, तेव्हा त्यांनी इंजिन खाली ठेवलं आणि हात मांडीखाली घालून बसले. अक्का आत गेली. येताना तिचा सुई ओवायचा चष्मा, बारीक सुया आणि लांब नळीची मशीनच्या तेलाची बाटली घेऊन आली. पदर खोचून ओसरीवर बसली आणि म्हणाली, "मी करतो. तुम्ही सांगा." मग दोन दिवस हे चाललं. ते सांगायचे, ती करायची. "रॉकेल नको, प्लॅस्टिक खाईल." "त्या मागच्या दातात बघ. तिथंच हाय." ती सुईच्या टोकानं इवलंसं तपकिरी चिकट बाहेर काढायची, चिंधीला पुसायची, पुन्हा आत जायची. ब्लाउजच्या काखेत अस्तर बसवणारी बोटं होती ती. मधे एकदा ती वर न बघता म्हणाली, "मला एकदा तरी ही चालवून दाखवायची हुती की ओ." दाजी तिला नावानं हाक मारून म्हणाले, "चुकलं शालन." मी उठून चहा सांगायला आत गेलो. अशा वेळी तिसऱ्यानं तिथं थांबू नये.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं प्रत्येक चाकाला आपल्या मशीनच्या तेलाचा एकेक थेंब दिला. दाजींनी बटण फिरवलं. इंजिन थरथरलं, अर्धी वीत गेलं आणि थांबलं. दाजींनी पुन्हा फिरवलं. ते वीतभर गेलं, पुन्हा थांबलं, आणि मग आतून काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि ते निघालं. तांबड्या चाकांच्या दांड्या मागंपुढं होत, पहिलं वळण घेऊन, माझ्या बायकोच्या सुपाला वळसा घालून, ते परत आमच्यापाशी आलं. पुन्हा गेलं, पुन्हा आलं. अक्कानं चष्मा काढला. "पळतंय की," ती म्हणाली. दाजींनी मला पुण्याला फोन लावायला सांगितला. वैशालीला ते एवढंच म्हणाले, "बाळ, ये. गाडी कुठं जाते ते दाखवतो."

तोपर्यंत ती कुठं जाणार हे त्यांनी ठरवलं होतं. पुढच्या महिन्यात त्यांनी शिवाजी पेठेत वरच्या मजल्यावर ही जागा घेतली आणि ते टेबल बांधलं. दोन स्टेशनं केली. एका टोकाला मलकापूर, दुसऱ्या टोकाला कोडोली. स्वतःचं गाव आणि अक्काचं माहेर. "कोल्हापूर कुठाय?" मी विचारलं. "कोल्हापूरला हाय की रेल्वे. त्यांना कशाला?" पाट्या रंगवायला बाबालाल आला. नंबरप्लेट रंगवणारा, दाजींचा चाळीस वर्षांचा दोस्त. पिवळ्यावर काळी अक्षरं, अगदी रेल्वेच्या पाटीसारखी, बोटभर लांबीची. खऱ्या पाटीवर समुद्रसपाटीपासून उंची लिहिलेली असते, तर हा ब्रश धरून विचारतो, "शामराव, उंची किती टाकू?" दाजी म्हणाले, "टेबलाची टाक. अडीच फूट." ती तशीच आहे अजून: कोडोली, उंची अडीच फूट.

आता लिंबाचं. दाजींना माणसं जेवायला घालायची भारी हौस. रविवारी मटणाचा बेत आणि पाच-सहा पानं ठरलेली. पण हात थरथरायला लागल्यापासून त्यांच्या हातून वाढणं सुटलं होतं. एकदा पांढरा रस्सा बाबालालच्या मांडीवर सांडला, त्यानंतर ते भांड्याला हात लावेनात. आपल्याच घरात पाहुण्यासारखे कोपऱ्यात बसायचे. ते बघवत नव्हतं. टेबलावर गाडी आली त्याच रविवारी त्यांनी उघड्या मालडब्यांत लिंबाच्या फोडी, चिरलेला कांदा आणि मीठ भरलं आणि प्रत्येकाच्या ताटासमोर गाडी नेऊन उभी केली. बटण फिरवायला थरथरता हातसुद्धा चालतो. फक्त गाडी सुटताना धक्का बसायचा, कारण त्यांच्या बोटांना हळू फिरवणं जमायचं नाही. दर वेळी पुढच्या डब्यातली एक फोड उडून कुणाच्या तरी ताटात पडायची, आणि मी दर वेळी एस.टी.तल्या पाशिंजरासारखा विचारायचो, "ड्रायव्हर नवा हाय काय?" सगळे हसायचे, दाजी सगळ्यात जास्त.

पहिल्याच रविवारी माझ्या वाटीतून तांबड्या रश्श्याची तर्री एका डब्यावर सांडली. मी हातातला घास ताटात ठेवला. ज्या वस्तूला कुंकवाचं बोट लागू दिलं नव्हतं, तिच्यावर मी मटणाचा रस्सा सांडला होता. दाजींनी डबा जवळ घेतला, डाग बघितला, आणि परत रुळावर ठेवला. "आता ही कोल्हापूरची झाली," म्हणाले. तो डाग त्यांनी कधी पुसू दिला नाही.

माझीही नेमणूक झाली. स्टीलचा पेला आणि चमचा माझ्यापुढं असायचा. मी पेल्यावर दोनदा वाजवल्याशिवाय, म्हणजे कंडक्टरची डबल बेल दिल्याशिवाय, दाजी गाडी सोडायचे नाहीत. आणि जेवणं झाली की शेवटची फेरी मलकापूरला थांबायची, पुढच्या रविवारपर्यंत. आमच्या एस.टी.त संध्याकाळी खेड्यात जाऊन तिथंच राहणाऱ्या गाडीला मुक्कामाची गाडी म्हणतात. गावाला तिचा मोठा आधार असतो, कारण दारात उभी असलेली गाडी सकाळी सुटणारच. दाजींनी हा शब्द माझ्याकडून उचलला. बटण बंद करताना म्हणायचे, "चला, मलकापूरला मुक्काम." जन्मभर ज्या गावाला गाडी 'येणार' होती, तिथं ती दर रविवारी येऊन राहायला लागली.

अशी चार वर्षं गेली, आणि मी छातीवर हात ठेवून सांगतो, ती चार वर्षं दाजींनी आधीच्या तीस वर्षांच्या नाकावर टिच्चून जगून दाखवली. आजार वाढत होता. बोलणं कमी झालं, चालताना भिंत धरावी लागायची. पण रविवारी दुपारी त्या टेबलाशी बसले की यजमान तेच. वैशाली महिन्यातून एकदा यायची, तिला कोडोली स्टेशनासमोरची खुर्ची. शेवटच्या खंडेनवमीला त्यांनी इंजिन उघडंच पाटावर ठेवलं. पेटी नाही, पान नाही. कुंकवात बोट बुडवून इंजिनाच्या कपाळावर टेकवलं. बोट हललं आणि कुंकू वाकडंतिकडं ओघळून पुढच्या दिव्यावर आलं. अक्का पुसायला गेली तर म्हणाले, "ऱ्हाऊदे. दिसतंय की झ्याक."

शेवटच्या रविवारी वेगळं काही घडलं नाही. दोन फेऱ्या जास्त झाल्या, कारण बाबालालला लिंबू पुरेना. निघताना दाजींनी माझा हात धरून ठेवला. ते कुणाचाही धरायचे, हात थरथरू नये म्हणून. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं...

दिवसकार्य झालं आणि टेबल परत खोलीत आलं. गाडी तशीच, मलकापुरात. वैशालीनं पुण्याहून हवाबंद पारदर्शक डबे मागवले होते, आत मऊ फोम, प्रत्येक गाडीच्या मापाचे. तिचा हेतू चांगलाच होता. "आई, धूळ बसेल. कुंकू निघून जाईल. बाबांचं बोट आहे त्याच्यावर," ती म्हणाली आणि तिला रडू आलं. खरं सांगतो, मलाही तिचं पटलं. एवढा माणूस गेला, आता निदान हे तरी जपून ठेवू, असं मीच अक्काला म्हणालो. अक्कानं ते डबे उलटसुलट करून बघितले. फोम दाबून बघितला. "डबे ब्येस हायत," ती म्हणाली. "डाळी ठेवायला हुतील." मग तिनं कॅलेंडर बघितलं आणि सांगितलं, "रविवारी सगळी जेवायला या. बाबालालला पण सांगा."

रविवारी आम्ही गेलो. रस्सा तसाच होता, वासानं जिन्यातच भूक लागली आणि भूक लागल्याची लाज वाटली. दाजींच्या खुर्चीवर अक्का बसली. मी तिला त्या खुर्चीवर कधीच बघितलं नव्हतं. तिनं चष्मा चढवला, सकाळीच चाकांना आपल्या मशीनचं तेल दिलं होतं ते एकदा बघून घेतलं, डब्यांत फोडी रचल्या. बटणावर हात ठेवला आणि म्हणाली, "संपत, बेल दे."

चमचा माझ्या हातात होता. पेला समोर होता. नोकरीत कधी मी विनाकारण गाडी अडवून ठेवली नाही, पण त्या दिवशी अडवली. सगळे ताटाकडं बघत बसले होते. अक्का म्हणाली, "मुक्कामाची गाडी हाय. सुटायलाच पायजे. माणसं खोळंबल्यात."

मी दोनदा वाजवलं. अक्कानं बटण फिरवलं आणि गाडी निघाली. अलगद, लोण्यातून सुरी जावी तशी. धक्का नाही, एक फोड हलली नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईचा हात तो. चार वर्षांत गाडी इतकी सुरेख कधीच सुटली नव्हती, आणि ती तशी सुटलेली बघून दाजी खरंच गेले हे मला पहिल्यांदा समजलं. वैशालीनं तोंडाला ओढणी लावली. बाबालाल खिडकीबाहेर बघायला लागला.

अक्कानं गाडी थांबवली. वीतभरच गेली असेल. उलटं बटण फिरवून ती परत मलकापूरच्या पाटीखाली आणून उभी केली. "अशी न्हाय सुटत ती," म्हणाली, आणि माझ्याकडं बघितलं. मी पुन्हा डबल बेल दिली. या वेळी अक्कानं बटण खाडकन फिरवलं. गाडीला हिसका बसला, पुढच्या डब्यातली फोड उडाली आणि सरळ बाबालालच्या पांढऱ्या रश्श्यात पडली.

बाबालालनं वाटीत वाकून बघितलं. मग माझ्याच तोंडून निघालं, "ड्रायव्हर नवा हाय काय?"

"न्हाय," अक्का म्हणाली. "जुनाच हाय."

आणि आम्ही हसलो. डोळे पुसत, रस्सा सावरत, सगळे मोठ्यानं हसलो. कपाळावर वाकडं कुंकू घेऊन इंजिन वळणावरून आलं आणि वैशालीच्या ताटासमोर, कोडोलीला, वेळेवर उभं राहिलं.